उरलेला सिनेमा

नवरा काय करतो असं कोणी विचारलं की मी "वर्तमानपत्रात आहेत" म्हणते आणि विषय बदलते. फारच खोदून विचारलं तर "शुक्रवारच्या पानावर असतात" म्हणते. सिनेमाचे समीक्षक आहेत हे मी आपणहून सांगत नाही. सांगितलं की समोरचा एक तर "वा, म्हणजे फुकटात सिनेमे!" असं म्हणतो, नाहीतर त्याचा कुठला तरी लाडका सिनेमा यांनी झोडपलेला असतो आणि तो राग माझ्यावर निघतो. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना विचारलं होतं, "अहो, त्या सिनेमाला अर्धा तारा? हॉलभर लोक रडत होते हो!" मला बोलता येत नव्हतं ते एका अर्थी बरंच होतं.

"अर्धा तारा" हेच यांचं नाव पडलं होतं. थिएटरचा दारवान म्हणायचा, कचेरीतली पोरं म्हणायची, आणि राग आला की मीही म्हणायचे. खरं तर ताऱ्यांचा यांना मनापासून तिटकारा. "सिनेमा म्हणजे काय हॉटेल आहे, तारे मोजायला?" असं दर आठवड्याला संपादकबाईंशी भांडायचे आणि दर आठवड्याला तारे देऊन यायचे. ते देताना इतका हात आखडता घ्यायचे, की जणू घरातूनच काढून द्यायचे आहेत.

मतं तर विचारूच नका. जेवता जेवता, भाजी निवडता निवडता, मी कपडे वाळत घालत असताना चिमटे हातात देत देत हे मतं सांगायचे. माणसाला रडवणं सोपं आहे, कांदा चिरायला दिला तरी तो रडतो, सिनेमाने त्याच्यापुढचं काहीतरी करायला हवं. पडद्यावरचं माणूस दुःखी झालंय हे सांगायला मागून सारंगी आली, की समजायचं दिग्दर्शकाचा स्वतःवर विश्वास नाही. परीक्षणात कथा सांगणं ही समीक्षा नसून चहाडी आहे. आणि ती मोबाईलवर बोलून परीक्षण करणारी नवी मुलं, ती तर सिनेमा संपायच्या आत टाइप करायला लागतात, त्यांना काय डोळे आहेत की नुसते अंगठेच आहेत?

"समीक्षक कोणाचा मित्र नसतो," हे यांचं ठेवणीतलं वाक्य. "सिनेमा बनवणाऱ्याचा नसतो आणि बघणाऱ्याचाही नसतो."

"मग असतो कोणाचा?" मी एकदा विचारलं.

"सिनेमाचा."

"तुम्ही दवाखान्यात पडला होतात तेव्हा सिनेमा डबा घेऊन आला होता का?"

डबा घेऊन वन्सं यायच्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची मोठी बहीण. मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. चादरी धुवून यायच्या, त्या दोघीदोघींनी समोरासमोर उभं राहून घड्या घालायच्या आणि थप्पी लावायची. नवरा मुलगी लहान असतानाच सोडून गेला. त्याबद्दल वन्सं कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. मुलीला त्यांनी एकटीने वाढवलं. एकटीने म्हणजे, रविवार आमच्याकडे असायचा. रविवारी यांनी भाचीला सिनेमाला न्यायचं हे ठरलेलं. उंची पुरायची नाही म्हणून हे आपल्या कोटाची घडी करून तिच्या खाली ठेवायचे. परत येताना दोघं तावातावाने भांडत यायची. "मामा, तुला काहीच कळत नाही!" असं तिने रस्त्यात ओरडून सांगितलं की हे इतके खूश व्हायचे, की घरी येऊन मला दोनदा सांगायचे.

तीच भाची पुढे सिनेमा शिकली, दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, आणि कितीतरी वर्षांनी तिने स्वतःचा पहिला सिनेमा केला. एक आई, एक मुलगी, दोघींचं बोलणं बंद झालेलं. बस, एवढंच. मोठे कलाकार नाहीत, गाणी नाहीत. शहरातल्या तीन थिएटरांनी कसाबसा घेतला, आणि तोही एका आठवड्यापुरता. चालला तर पुढे.

मी यांना म्हटलं, "तुम्ही नका लिहू त्याच्यावर. संपादकबाईंना सांगा, भाचीचा आहे म्हणून."

"सांगितलं तर त्या दुसऱ्याला देतील. तो तिला गोडगोड लिहील. त्यात तिचंच नुकसान आहे."

"होऊ दे की थोडं नुकसान."

"हे बघ, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा धंदा मी आजवर केला नाही."

तिचं आडनाव वेगळं, त्यामुळे कचेरीत कोणाला नातं ठाऊक नव्हतं. यांनी सांगितलं नाही. मला तेव्हाच ते खटकलं होतं. लपवून ठेवलेला प्रामाणिकपणा हा काय प्रकार असतो ते मला कळत नाही. पण यांच्यापुढे बोलून उपयोग नसतो, म्हणून मी मूग गिळून बसले.

आता यांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. समीक्षकांसाठी सिनेमा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी वेगळा दाखवतात. संपला की सिनेमावाली मंडळी मुख्य दाराशी हसऱ्या चेहऱ्याने उभी असतात आणि हात हातात घेऊन विचारतात, "कसा वाटला?" या प्रश्नाची यांना भयंकर धास्ती. म्हणायचे, "चांगला म्हटलं की बांधले गेलो, वाईट म्हटलं की माणुसकी गेली, आणि वेगळा आहे म्हटलं की सरळ खोटं बोललो." म्हणून हे नेहमी बाजूच्या दाराजवळची कोपऱ्यातली खुर्ची पकडायचे. पडदा काळा झाला, की दिवे लागायच्या आत बाहेर. श्रेयनामावली कधी वाचायची नाही. नावं वाचून मत बनवायचं नसतं म्हणे. ही रीत हे नव्या समीक्षकांना शिकवायचेसुद्धा. वर्षानुवर्षं कोणाच्या तावडीत सापडलो नाही याचा यांना कोण अभिमान!

भाचीच्या सिनेमाला गेले ते दुपारी परत आले. सिनेमा कसा आहे असं मी कधी विचारत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही.

"सुरुवात सुरेख आहे," म्हणाले. बूट काढता काढता थांबले. "मुलीला डोळे आहेत. पण शेवटच नाही गं."

मग खोलीत जाऊन बसले. एरवी यांना परीक्षण लिहायला वेळ लागत नाही. त्या दिवशी बराच लागला. मला वाटलं, जीव तुटत असेल. तुटत असणारच.

शुक्रवारी पान आलं. मथळा होता, "बिनशेवटाचा सिनेमा". खाली दीड तारा. आणि शेवटचा परिच्छेद असा: "मुलगी इतक्या वर्षांनी आईच्या दाराशी येते, बेल वाजवते, आणि पडदा काळा होतो. आई-मुलगी समोरासमोर आल्यावर काय होतं, हाच तर या सिनेमाचा प्रश्न होता. दिग्दर्शिका तो प्रश्न दाराशी सोडून पळाली आहे. याला सूचकता म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात."

मी ते वाचलं आणि पान उलटं घालून ठेवलं. वन्संना फोन करायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचाही आला नाही. "बिनशेवटाचा" हा शब्द मात्र दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. आमच्या इमारतीतली बाई जिन्यात हसून म्हणाली, "तुमच्या यांनी छान काढलाय हं शब्द. आम्ही जाणार होतो, वाचलो!" मी पण हसले. तिच्यासमोर हसले याचीही मला अजून लाज वाटते.

रविवारी वन्संनीच फोन केला. "सिनेमाला जातेय. येतेस का सोबत?" एवढंच. परीक्षणाचं नाव नाही. मी गेले.

थिएटर बरंचसं रिकामं होतं. वन्संनी चांगली साडी नेसली होती. सिनेमा सुरू झाला आणि खरंच, यांनी म्हटल्यासारखीच सुरुवात सुरेख होती. मुलगी घर सोडते, मधली वर्षं जातात, आणि शेवटी ती आईच्या दाराशी येते. बेल वाजवते. मी मनाशी म्हटलं, झालं, आता काळोख होणार. पर्सचा बंद हातात घेतला.

दार उघडलं.

आईने दार उघडलं, मुलीकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. मुलगी मागोमाग गेली. आत खाटेवर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. आईने एका चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. मग दोघी घड्या घालत राहिल्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं. मधेच एखादं वाक्य, मधेच भांडण, एकदा तर दोघी इतक्या ओरडल्या की चादर खाली पडली, ती पुन्हा झटकून घेतली. मागे सारंगी नाही, काही नाही. अर्धा तास तरी चाललं असेल ते. सिनेमा जो काही होता तो त्या अर्ध्या तासातच होता. त्याआधीचं सगळं फक्त तिथवर यायला होतं.

माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा हमसून रडत होता. मी रडत नव्हते. यांनी हे पाहिलेलंच नाही, हे मला दार उघडल्याक्षणीच कळलं होतं. आणि शेजारी वन्सं बसल्या होत्या, ज्यांचं आयुष्य समोर पडद्यावर घडी होत होतं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. त्यांनाही कळलं असणार, माझ्याआधी कळलं असणार. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं होतं मला. दिवे लागले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "चल, तुला बस मिळायला हवी." एवढंच!

घरी आले. हे खुर्चीत वाचत बसले होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"दार उघडल्यावर आई काय करते हो?"

"कुठली आई?"

"तुमच्या भाचीच्या सिनेमातली."

"दार उघडतच नाही. तेच तर लिहिलंय मी." आणि मग मास्तरासारखं बोट वर करून, "तिथे तिला हिंमत..."

"उघडतं. अर्धा तास उघडं असतं. चादरींच्या घड्या घालतात दोघी. लोक रडतात."

यांचं बोट तसंच वर राहिलं. चेहऱ्याचा रंग कसा उतरतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी म्हणाले, नंतर जोडलं असेल. मग म्हणाले, दुसरी प्रत असेल. मग उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे म्हणाले, "पडदा काळा झाला होता."

"आणि तुम्ही उठलात."

"हो."

त्यांनी भाचीला फोन लावला. यांना कमी ऐकू येतं म्हणून यांचा फोन नेहमी सगळ्या घराला ऐकू जातो. भाची एरवी यांना "तू" म्हणते. त्या दिवशी "तुम्ही" म्हणाली. म्हणाली, "प्रोजेक्टरचं मशीन बंद पडलं होतं, मामा. बेलच्या आवाजानंतर लगेच. कोणीतरी जाऊन ते चालू केलं, तोवर बाकीच्यांना कॉफी दिली. मी सगळ्यात मागे उभी होते. तुम्ही उठून गेलेले दिसलात."

"मग थांबवलं का नाहीस मला?"

"मला वाटलं, तुम्हाला बघवेना म्हणून गेलात. सगळ्यांनाच तसं वाटलं. अर्धा तारा मधूनच उठून गेले म्हटल्यावर बाकीच्यांनी पुढचं काय मनाने पाहिलं असेल?"

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "मी थांबलो असतो गं. काय वाटेल ते झालं तरी तिचा सिनेमा सोडून मी उठलो नसतो." मला ते पटलं. पण ते मला पटून उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून वन्संकडे गेलो. हे वाटेत थांबून तिन्ही थिएटरांच्या व्यवस्थापकांना फोन करत होते, आणखी एक आठवडा ठेवा म्हणून विनवत होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणा सिनेमावाल्याचा पाण्याचा घोट घेतला नाही, तो रस्त्याच्या कडेला उभा राहून "साहेब, साहेब" करत होता. एकाने तर "पण तुम्हीच लिहिलंय ना?" म्हणून फोन ठेवला.

भाची घरी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे उभ्याउभ्याच म्हणाले, "मी पुन्हा लिहितो. आज जाऊन पूर्ण पाहतो आणि नव्याने लिहितो. पाच तारे."

"नको."

"अगं, खरंच चांगला आहे तो. तुझी मामी सांगतेय."

"मामा, तुम्ही माझे मामा आहात हे आता लपेल का? पाच तारे दिलेत तर लोक म्हणतील, घरून दम मिळाला, म्हणून फिरवलं. मग आधीचं खरं आणि नंतरचं खोटं ठरेल." ती रागाने बोलत नव्हती, त्याचंच मला भय वाटलं. "माझ्या सिनेमाबद्दल आता एक अक्षर लिहू नका. स्वतःबद्दल काय लिहायचं ते लिहा."

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. धाकट्या भावाला त्यांनी लहानपणी पाठीवर घेऊन फिरवलेलं. त्या फक्त म्हणाल्या, "कचेरीत सांगून टाकायचंस ना रे, की तुझी भाची आहे." यांनी खाली पाहिलं.

हे त्याच दुपारी थिएटरात जाऊन बसले. मी सोबत गेले नाही. परत आले तेव्हा डोळे सुजले होते. जेवले नाहीत. "असा शेवट मी आजवर..." एवढंच म्हणाले. मत सांगायचं यांनी अर्ध्यात सोडलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

संपादकबाईंना यांनी सगळं सांगितलं, नातंही सांगितलं. राजीनामा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. जुनं परीक्षण वेबसाइटवरून काढलं, पण छापलेलं कसं काढणार? आणि सिनेमाचं पान शुक्रवारीच असतं. शुक्रवारी थिएटरांतही नवे सिनेमे लागतात. यांचा लेख छापून आला त्याच सकाळी भाचीचा सिनेमा तिन्ही ठिकाणांहून उतरला होता.

लेख चांगला होता. चांगला होता म्हणूनच मला वाईट वाटतं. "मी एका चित्रपटाबद्दल लिहिलं, तो मी पूर्ण पाहिला नव्हता. दिग्दर्शिका माझी भाची आहे, हेही मी तुमच्यापासून लपवलं," अशी सुरुवात. कुठे सारवासारव नाही, मशीनवर खापर नाही. भाचीने बजावलं होतं म्हणून सिनेमाचं नाव नाही, की त्यातल्या कशाचा उल्लेख नाही. नुसतं स्वतःला सोलून ठेवलं होतं.

आणि लोकांनी यांना डोक्यावर घेतलं. पत्रांवर पत्रं, फोनवर फोन. असा सच्चा माणूस विरळा! ज्यांनी यांना कधी धड नमस्कार केला नव्हता, ते रस्ता ओलांडून हात मिळवायला आले. ती मोबाईलवाली मुलं लेख वाचून दाखवत होती आणि म्हणत होती, याला म्हणतात समीक्षक. इमारतीतल्या बाईने जिन्यात थांबून डोळे पुसले. "केवढं मोठं मन हो तुमच्या यांचं!" यांनी दारावरची बेल काढून ठेवली. एरवी स्तुती ऐकली की कान टवकारणारा माणूस, आता फोन वाजला की दचकायचा. मला म्हणाले, "चूक तिच्या जिवावर केली आणि हारतुरे मला."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वन्संकडे होतो. मीच ओढून नेलं होतं. भाची सोफ्यावर बसली होती, आता तिने यांना पुन्हा "तू" म्हणायला सुरुवात केली होती. ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली काम धरणार होती, त्याचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात यांचा फोन वाजला. फिल्म क्लबचे सेक्रेटरी होते. नेहमीप्रमाणे फोनमधला आवाज खोलीभर आला.

"साहेब, लेखाने हलवून सोडलं आम्हाला! आमच्या सभासदांसमोर बोलायला यायचंच आहे तुम्ही. विषय, समीक्षकाचा प्रामाणिकपणा."

"मी बोलणार नाही," हे म्हणाले. मग एकदम सरसावून बसले. "त्यापेक्षा तो सिनेमा दाखवा. भाषण नको. तो सिनेमा तुमच्या सभागृहात दाखवा. सगळे या आणि बघा."

"जरूर, जरूर. तुम्ही म्हणाल तो दाखवू. कोणता म्हणालात?"

यांनी नाव सांगितलं. पलीकडे कोणाला तरी विचारल्याचा आवाज आला.

"हां, हां, आलं लक्षात! तो बिनशेवटाचा ना?"

"त्याला शेवट आहे," असं काहीतरी हळू आवाजात म्हणाले, पण सेक्रेटरींना ते ऐकू गेलं नसावं. ते मोठ्याने हसून म्हणाले, "काय शब्द काढलात साहेब, पक्का बसलाय डोक्यात!"

यांनी फोन बंद केला. मग भाची उठली. "मी चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. वन्सं तिच्या मागे गेल्या. हे फोन मांडीवर धरून बसून होते. चहा आला, समोर ठेवला, त्यावर साय धरली, तरी त्यांनी मान वर केली नाही.